अंत्युखियातील मोडलेली पंगत : ख्रिस्ती कृपा आणि नियमवाद यांचा वाद नेमका कशाचा?

पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास अंत्युखिया नावाच्या शहरात एक पंगत मोडली. आज तुर्कस्तानच्या दक्षिण टोकाला अंताक्या या नावाने ओळखले जाणारे हे शहर तेव्हा रोमन साम्राज्यातील मोठ्या शहरांत गणले जाई, आणि येशूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम इथेच मिळाले, अशी नोंद ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात आहे. तिथल्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, यहुदी आणि यहुदीतर माणसे एकत्र जेवत. येशूचा ज्येष्ठ शिष्य पेत्र तिथे आला, तेव्हा तोही त्या पंगतीत निःसंकोच बसला. पुढे यरुशलेमेहून, तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून, काही माणसे आली आणि पेत्र हळूहळू मागे सरला. यहुदीतरांसोबत जेवणे त्याने बंद केले. त्याचे पाहून इतर यहुदी ख्रिस्तीही उठले आणि शेवटी यहुदीतरांत ख्रिस्ताचा संदेश नेणाऱ्या प्रेषित पौलाचा जवळचा सहकारी बर्णबाही त्यांच्यात सामील झाला. तेव्हा पौलाने सर्वांसमक्ष पेत्राला जाब विचारला. हा सगळा प्रसंग पौलाने स्वतः गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सांगितला आहे.

पंक्तिभेद म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. एकाच घरात दोन पंगती बसल्या की वाढणारा एक शब्दही न बोलता कोणाची पायरी कोणती ते सांगून मोकळा होतो. पेत्रानेही काही चुकीची शिकवण दिली नव्हती. येशूचे मरण पुरेसे नाही, असे तो म्हणाला नव्हता. तो फक्त जागेवरून उठला होता. परंतु त्या उठण्यात एक वाक्य दडलेले होते, आणि पौलाने ते अचूक ओळखले: तुमचा विश्वास चांगला आहे, पण तुम्ही सुंता करून घेईपर्यंत आणि आमचे खाण्यापिण्याचे नियम पाळेपर्यंत तुम्ही पुरते आमच्यातले नाही. या न उच्चारलेल्या वाक्याला उत्तर देताना पौलाने जे लिहिले, त्यावर ख्रिस्ती धर्मविचार पुढची दोन हजार वर्षे घुटमळत राहिला आहे. माणूस नियमशास्त्रातील, म्हणजे मोशेद्वारे मिळालेल्या यहुदी धर्मनियमांतील, कृत्यांनी नव्हे, तर ख्रिस्तावरील विश्वासाने नीतिमान ठरतो. आणि नीतिमान ठरणे जर नियमशास्त्राने साधत असेल, तर ख्रिस्त उगाचच मेला, असा त्याचा युक्तिवाद आहे.

कृपा आणि नियमवाद यांच्याविषयीची बहुतेक चर्चा अमूर्त शब्दांत चालते, म्हणून मी पंगतीपासून सुरुवात केली. या वादात ‘देव मला कसा स्वीकारतो’ हा प्रश्न जितका आहे, तितकाच ‘मग मी कोणाला शेजारी बसू देतो’ हा प्रश्न आहे, आणि दुसऱ्याचे उत्तर पाहिल्याशिवाय पहिल्याचे आपले उत्तर खरे काय आहे ते कळत नाही, असे माझे मत आहे.

आता शब्दांकडे वळू. बायबलच्या नव्या करारात, म्हणजे येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीच्या भागात, जिथे मराठीत ‘कृपा’ असे भाषांतर येते, तिथे मूळ ग्रीक शब्द बहुधा ‘खारिस’ असतो. हा शब्द पौलाने घडवलेला नव्हता. त्या काळच्या ग्रीक-रोमन समाजात खारिस म्हणजे मेहेरबानी, देणगी आणि त्या देणगीबद्दलची कृतज्ञताही. देणगी द्यावी, पण ती योग्य माणूस पाहून द्यावी, ही त्या समाजातील सर्वमान्य रीत होती. पौलाचा समकालीन रोमन विचारवंत सेनेका याने उपकार कोणावर आणि कसे करावेत याविषयी विस्ताराने लिहिले आहे, आणि घेणारा पारखून घ्यावा असा सल्ला त्यात आहे. आपल्याकडे यालाच सत्पात्री दान म्हणतात. योग्य स्थळ, योग्य काळ आणि योग्य पात्र पाहून केलेले दान सात्त्विक, असे गीतेच्या सतराव्या अध्यायातही सांगितले आहे. व्यवहार म्हणून यात गैर काही नाही. अपात्री दान करणाऱ्याला आपण उदार म्हणत नाही, भोळा किंवा उधळ्या म्हणतो.

पौलाने देवाचे वर्णन नेमके असे केले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो म्हणतो की चांगल्या माणसासाठी कोणी कदाचित जीव देईलही, पण ख्रिस्त मेला तो आपण पापी असतानाच. म्हणजे ही देणगी पात्रता पाहून दिलेली नाही. घेणाऱ्याचे कूळ, आचरण, विद्या, पूर्वायुष्य यांपैकी कशाचाही तिच्याशी संबंध नाही. ख्रिस्ती परिभाषेत ‘कृपा’ या शब्दाचा गाभा हाच आहे. दया आणि कृपा यांत पुष्कळदा गल्लत होते, म्हणून ढोबळमानाने असे सांगता येईल की जी शिक्षा मिळायला हवी ती न मिळणे ही दया, आणि ज्यावर काडीचाही हक्क नाही ते मिळणे ही कृपा.

याच्या उलट टोकाला नियमवाद आहे. इथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे, कारण बहुतेक गोंधळ तिथून सुरू होतो. नियम पाळणे म्हणजे नियमवाद नव्हे. जो माणूस रोज पहाटे प्रार्थना करतो, उपवासकाळात मांस वर्ज्य करतो, उत्पन्नाचा दशांश देतो आणि दारूला शिवत नाही, तो नियमवादी असेलच असे नाही. आणि यांतले काहीच न करणारा माणूसही पक्का नियमवादी असू शकतो. फरक पडतो तो पाळण्यामागच्या हिशेबाने. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल मजुरीचा दाखला देतो: काम करणाऱ्याला मिळते ती मजुरी, म्हणजे त्याचे येणे, आणि येणे असलेल्या रकमेला कोणी कृपा म्हणत नाही. देवासमोर उभा राहिलेला माणूस मनातल्या मनात हजेरीपट काढून दाखवू लागला, की तो नियमवादी झाला, मग पटावरच्या नोंदी कितीही खऱ्या असोत.

येशूने हाच मुद्दा एका मजूर अड्ड्याच्या गोष्टीतून मांडला होता. मत्तयाने लिहिलेल्या येशूचरित्राच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्याचा धनी पहाटे बाजारात जातो आणि दिवसाला एक दिनार ठरवून मजूर लावतो. मग तो नऊच्या सुमारास जातो, दुपारी जातो, तिसऱ्या प्रहरी जातो आणि दिवस मावळायला एक तास उरला असता पुन्हा जातो. तेव्हाही काही माणसे उभीच असतात. आम्हाला कोणी कामावर घेतले नाही, असे ती सांगतात. संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दिनार मिळतो आणि दिवसभर उन्हात राबलेले मजूर कुरकुर करतात. या गोष्टीतला एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो. धन्याने मजुरी वाटताना शेवटी आलेल्यांपासून सुरुवात केली. त्याने पहिल्यांना आधी दिले असते, तर ते ठरलेला दिनार घेऊन समाधानाने घरी गेले असते आणि कुरकुर झालीच नसती. त्यांना कमी मिळाले नव्हते. दुसऱ्याला मिळालेले त्यांनी पाहिले, इतकेच. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला ही गोष्ट अन्यायाची वाटली तर त्यात नवल नाही, आणि ती कामगार कायद्याचा धडा म्हणून सांगितलेलीही नाही. मात्र हिशेबाची वही उघडली की दुसऱ्यावरची कृपा आपल्याला आपले नुकसान वाटू लागते, हे तिच्यात स्पष्ट दिसते.

तिसरा शब्द स्वनीतिमत्त्व, म्हणजे आपल्या आचरणाच्या जोरावर स्वतःला नीतिमान समजणे. यासाठी नेहमी लूकने लिहिलेल्या येशूचरित्राच्या अठराव्या अध्यायातील परूशी (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) आणि जकातदार यांचा दाखला दिला जातो. दोघे मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी देवाचे आभार मानतो की आपण लुबाडणारे, अन्यायी, व्यभिचारी किंवा शेजारच्या या जकातदारासारखे नाही. आपण आठवड्यातून दोनदा उपवास करतो आणि जे मिळते त्याचा दशांश देतो. जकातदार दूर उभा राहून, वर पाहण्याचेही धाडस न करता, ऊर बडवून एवढेच म्हणतो: हे देवा, मज पाप्यावर दया कर. येशू सांगतो की नीतिमान ठरून घरी गेला तो हा दुसरा.

हा दाखला आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की त्यातला धक्का जाणवत नाही. परूशी खोटे बोलत नव्हता. तो खरोखर दोनदा उपवास करत असावा, आणि नियमशास्त्राने तर वर्षातून एका प्रायश्चित्ताच्या दिवसाचाच उपवास सांगितला होता, म्हणजे तो कर्तव्याहून कितीतरी अधिक करत होता. जकातदार गरीब बिचारा नव्हता. जकातवसुलीचा मक्ता घेणारे आणि त्यांची माणसे ठरलेल्यापेक्षा जास्त उकळत, आणि लोक त्यांना लुटारूंच्या पंक्तीत बसवत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे परूशी ‘मी हे स्वबळावर केले’ असे म्हणतच नाही. तो देवाचे आभार मानतो. याचा अर्थ असा की कृपेची भाषा अस्खलित बोलत असतानाही माणूस स्वनीतिमान असू शकतो. त्याची प्रार्थना कुठे बिघडते ते पाहायचे असेल, तर तिच्यात शेजारचा माणूस कशासाठी आला आहे ते पाहावे. देवाशी बोलताना त्याला मोजपट्टी म्हणून एक जकातदार लागतो. लूकने दाखल्याच्या सुरुवातीलाच दोन लक्षणे एकत्र नोंदवली आहेत: हे लोक स्वतःवर भरवसा ठेवत आणि बाकीच्यांना तुच्छ मानत.

इथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे, कारण ख्रिस्ती प्रवचनांनी या दाखल्याचा आधार घेऊन शतकानुशतके एक अन्याय केला आहे. ‘यहुदी धर्म म्हणजे नियमवाद आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे कृपा’ अशी सरळ विभागणी केली जाते, आणि ती चुकीची आहे. बायबलमधील निर्गम या पुस्तकात दहा आज्ञा विसाव्या अध्यायात येतात. त्याआधी देवाने इस्राएलाला मिसराच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामगिरीतून बाहेर काढलेले असते, आणि आज्ञांची सुरुवातही त्याच आठवणीने होते. सुटका आधी आणि नियम नंतर. अमेरिकी अभ्यासक ई. पी. सँडर्स यांनी १९७७ मध्ये पहिल्या शतकाच्या आसपासच्या यहुदी साहित्याचा तपशीलवार अभ्यास करून दाखवले की तिथे नियमपालन हे देवाच्या करारात शिरण्याचे तिकीट नव्हते; देवाने आधीच दिलेल्या करारात राहण्याची ती रीत होती. सँडर्स यांच्या सर्व निष्कर्षांवर एकमत नाही, परंतु जुने व्यंगचित्र पुन्हा जसेच्या तसे रंगवणे त्यानंतर कोणत्याही प्रामाणिक अभ्यासकाला शक्य राहिले नाही. पौल आणि पेत्र दोघेही यहुदीच होते, हेही विसरून चालणार नाही. अंत्युखियातले भांडण घरातले होते.

नियमवाद कोणत्या एका धर्माची मक्तेदारी नाही, याचा पुरावा ख्रिस्ती मंडळीने स्वतःच फार लवकर दिला. ‘दिदाखे’ नावाची एक अतिप्राचीन ख्रिस्ती शिकवणपुस्तिका उपलब्ध आहे. ती पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची मानली जाते. तिच्या आठव्या प्रकरणात सांगितले आहे की तुमचे उपवास ढोंग्यांसारखे नसावेत. आता वाचकाला वाटते की पुढे अंतःकरणाविषयी काही येईल. पुढे येते ते असे: ढोंगी सोमवारी आणि गुरुवारी उपवास करतात, म्हणून तुम्ही बुधवारी आणि शुक्रवारी करा. परूश्याच्या दाखल्यानंतर दोनतीन पिढ्यांतच उत्तर तयार झाले होते, आणि ते होते वार बदलण्याचे.

पुढच्या इतिहासातील एक वळण लवकर सांगून टाकतो. चौथ्या शतकाच्या अखेरीस ब्रिटनकडचा पेलागियस नावाचा एक तपस्वी रोममध्ये शिकवत होता. तिथल्या ख्रिस्ती लोकांचे ढिले आचरण पाहून तो अस्वस्थ झाला. ‘तू जी आज्ञा करतोस ते करण्याची शक्तीही तूच दे’ अशा आशयाची उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन याची प्रार्थना ऐकून तो चिडला होता, असे ऑगस्टीननेच लिहून ठेवले आहे. माणसाने प्रयत्नच करू नये अशी ही पळवाट आहे, असे पेलागियसला वाटले. ऑगस्टीनचे म्हणणे होते की माणसाची इच्छाशक्तीच आजारी आहे, आणि आजाऱ्याला ‘उठून चाल’ एवढे सांगून भागत नाही. इ. स. ४१८ मध्ये कार्थेज येथील परिषदेने पेलागियसचे मत नाकारले. पेलागियसविषयी मला थोडी सहानुभूती वाटते. तो ढोंगी नव्हता, कडक शिस्तीचा शिक्षक होता. मात्र कडक शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावरच्या मुलांचे काय होते, हा प्रश्न त्याला फारसा पडला नाही.

मागच्या बाकावर बसलेला सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी म्हणजे मार्टिन ल्यूथर. शालेय इतिहासात त्याचे नाव पोपच्या क्षमापत्रांविरुद्ध १५१७ मध्ये मांडलेल्या ९५ मुद्द्यांमुळे येते, आणि क्षमापत्रे म्हणजे पैसे देऊन पापाच्या दंडातून सूट मिळवण्याची सोय, एवढे आपण पाठ करतो. तथापि ल्यूथरची खरी लढाई त्याच्या आधी, एर्फुर्टच्या मठात झाली होती. १५०५ मध्ये तो मठात शिरला आणि नियम पाळण्यात त्याने काही उणे ठेवले नाही. उपवास, जागरण, थंडीत कुडकुडणे आणि तासन्‌तास चालणारे पापनिवेदन. एवढे करून बाहेर पडावे तर एखादे पाप सांगायचे राहून गेल्याची शंका येई आणि तो परत जाई. ‘देवाचे नीतिमत्त्व’ हे शब्द आपल्याला नकोसे झाले होते, असे त्याने १५४५ मध्ये मागे वळून पाहताना लिहिले. कारण त्याचा अर्थ तो देवाची न्यायाची छडी असा घेत होता. रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील सतरावे वचन वाचता वाचता त्याच्या लक्षात आले की इथे देव जे मागतो त्याविषयी नव्हे, तर देव जे देतो त्याविषयी सांगितले आहे.

ल्यूथरचे उदाहरण मला परूश्याच्या दाखल्याइतकेच महत्त्वाचे वाटते, कारण नियमवादाची दुसरी बाजू त्यात दिसते. हिशेबाच्या वहीत जमा जास्त दिसली की माणूस शेजाऱ्याकडे तुच्छतेने पाहतो, आणि खर्च जास्त दिसला की स्वतःकडे. गर्व आणि नैराश्य ही एकाच वहीची दोन पाने आहेत. ‘मी फार पापी आहे, माझ्यासारख्याला देव कसा जवळ करेल’ असे म्हणणारा माणूस आपल्याला नम्र वाटतो. प्रत्यक्षात तोही पात्रतेचाच हिशेब मांडत असतो, फक्त त्याची बेरीज उणे आलेली असते.

ल्यूथरनंतर पश्चिमेकडील चर्च दुभंगले, आणि एक नवा गैरसमज रूढ झाला की कॅथलिक लोक सत्कर्मांनी तारण, म्हणजे मुक्ती, मिळते असे मानतात. कॅथलिक चर्चची अधिकृत भूमिका अशी नाही. ट्रेंट येथील परिषदेने जानेवारी १५४७ मध्ये जे ठराव केले, त्यांतील पहिलाच ठराव असे सांगतो की ख्रिस्ताद्वारे मिळणाऱ्या कृपेवाचून माणूस आपल्या कृत्यांनी नीतिमान ठरू शकतो असे म्हणणारा बहिष्कृत असो. मतभेद वेगळ्याच ठिकाणी होता, आणि तो सांगायला मराठी क्रियापदे फार सोयीची आहेत. प्रॉटेस्टंट पक्ष म्हणत होता की देव पाप्याला नीतिमान ‘ठरवतो’, न्यायाधीशाने निकाल द्यावा तसा. माणूस आतून अजून पापीच असतो, पण निकाल लागलेला असतो. कॅथलिक पक्ष म्हणत होता की देव पाप्याला नीतिमान ‘बनवतो’, वैद्याने रोगी बरा करावा तसा. आणि या बरे होण्यात माणसाने कृपेला साथ द्यायची असते. पहिल्या मांडणीत माणसाला खात्री मिळते, पण तो सुधारलाच नाही तर काय, हा प्रश्न उरतो. दुसरीत सुधारणा मिळते, पण किती सुधारलो म्हणजे पुरे, ही धाकधूक मागच्या दाराने परत येऊ शकते. कॅथलिक चर्च आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे या विषयावर संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या; पुढे २००६ मध्ये मेथडिस्ट मंडळ्या आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्याही त्यात सामील झाल्या. सगळे मतभेद मिटले असे नाही, पण कृपेनेच माणूस स्वीकारला जातो आणि सत्कर्मे त्यातून उगवतात, एवढ्यावर सर्वांची सही आहे.

आता सर्वांत रास्त आक्षेप. देव जर पात्रता पाहतच नसेल, तर माणसाने चांगले का वागावे? हा प्रश्न पौलाच्या हयातीतच विचारला गेला होता आणि रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने तो स्वतःच मांडला आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पाप करत राहावे काय? त्याचे उत्तर ठाम नकाराचे आहे. याकोबाच्या पत्रात तर क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे, असे स्पष्ट म्हटले आहे. ल्यूथरला हे पत्र इतके खटकले की १५२२ मध्ये त्याने त्याला गवताचे पत्र म्हटले. हे म्हणणे मला घाईचे वाटते, कारण याकोब मजुरीविषयी बोलत नसून जिवंतपणाच्या खुणांविषयी बोलतो आहे. श्वास घेतल्यामुळे कोणी जन्माला येत नाही, पण जन्मलेले मूल श्वास घेत नसेल तर सुईण घाबरते. हिटलरच्या जर्मनीत, १९३७ मध्ये, पाळक डीट्रिश बोनहोफर याने ‘स्वस्त कृपा’ असा शब्द वापरला. पश्चात्तापाशिवाय क्षमा आणि वधस्तंभाशिवाय कृपा वाटत सुटलेल्या चर्चवर त्याचा रोख होता. ९ एप्रिल १९४५ रोजी नाझींनी त्याला फासावर दिले.

येशूच्या चरित्रात या प्रश्नाचे उत्तर एका जेवणाच्या प्रसंगात मिळते. यरीहोतील श्रीमंत मुख्य जकातदार जक्कय झाडावर चढलेला असतो. येशू त्याला खाली बोलावतो आणि आज मी तुझ्याच घरी उतरणार, असे सांगतो. लोक कुरकुर करतात. नंतर जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन देतो. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. चौपट भरपाई हे निमंत्रण मिळवण्याचे शुल्क नव्हते. निमंत्रणानंतर ती त्याला सुचली. नियमवाद हा क्रम उलटा करतो आणि स्वस्त कृपा दुसरे पाऊल गाळून टाकते.

मराठी ख्रिस्ती परंपरेत हा विषय पुस्तकी राहिलेला नाही. आपल्या भाषेत ‘कृपा’ हा शब्द मिशनरी येण्याआधी कितीतरी शतके संतांच्या तोंडी होता, आणि पतितपावन हे विठ्ठलाचे बिरुद सर्वांना ठाऊक आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, ते याचमुळे. दोन्ही परंपरांतील कृपा एकच, असे मात्र म्हणता येत नाही. पौलाची कृपा एका विशिष्ट ऐतिहासिक मरणाशी बांधलेली आहे, आणि ते बाजूला काढले तर त्याच्या दृष्टीने काहीच उरत नाही.

या बाबतीत पंडिता रमाबाईंची साक्ष फार बोलकी आहे. त्यांचे बालपण तीर्थयात्रा, व्रते आणि पुराणकथन यांत गेले, आणि शास्त्रांनी सांगितलेले सर्व करूनही १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. पुढे इंग्लंडमध्ये, फुलहॅम येथील एका आश्रयगृहात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती संन्यासिनी भगिनी त्यांनी पाहिल्या. ख्रिस्त आणि यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोनी समाजातील स्त्री यांच्या भेटीची गोष्ट त्यांनी तिथे ऐकली, आणि १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. गोष्ट इथे संपायला हवी होती, पण १९०७ मध्ये त्यांनी लिहिले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला जाणवले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. विचार करून काही हाती लागेना, स्वतःजवळचे सगळे संपले, आणि तेव्हा त्या बिनशर्त शरण गेल्या. एका पाळण्याच्या यादीच्या जागी दुसरी पाळण्याची यादी आली म्हणजे माणूस कृपेत आला असे होत नाही, हे त्यांच्याइतक्या प्रामाणिकपणे फार थोड्यांनी कबूल केले आहे.

याच रमाबाई बाप्तिस्म्यानंतरही शाकाहारी राहिल्या. इंग्लंडमधील त्यांच्या मार्गदर्शक भगिनींना त्यात जातीचा जुना अभिमान दिसला. रमाबाईंना मात्र पूर्वजांच्या चालीरीती शक्य तितक्या राखाव्यात असे वाटे. नियम मोडून दाखवण्याची सक्ती हाही एक नियमच असतो, हे त्यांच्यातील पत्रव्यवहारातून शिकण्यासारखे आहे. आजही काही मंडळ्यांत एखाद्या बहिणीने मंगळसूत्र किंवा कुंकू ठेवले की कुजबुज होते, तर कुठे डोक्यावर पदर न घेणारीला मागच्या सतरंजीची वाट दाखवली जाते. दोन्हीकडे अंत्युखियातला पेत्र जागेवरून उठलेलाच असतो.

पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे रमाबाईंनी मुक्ती मिशन उभारले. दुष्काळाने उघड्यावर पडलेल्या मुली आणि विधवा तिथे शेकड्यांनी आल्या. त्यांच्यासाठी काम होते: शेती, विणकाम, छापखाना, शाळा. शिस्तही होती, कारण इतक्या जणींचा संसार शिस्तीवाचून चालला नसता. त्याच आवारात, ज्यांना इतर कोणत्याही घरात पाय ठेवू दिला गेला नसता अशा ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांसाठी, रमाबाईंनी वेगळे घर बांधले. त्याचे नाव त्यांनी ‘कृपासदन’ ठेवले.